सणाची बाटली

प्रेमलता काकूंची आणि माझी पहिली भेट झाली, त्या दिवशी नागपूरच्या सक्करदऱ्यात भूकंपाची नोंद कशी झाली नाही, हे मला अजून उमगलेलं नाही. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो होतो. ट्रकमधून सामान उतरत होतं. तेवढ्यात फाटकाची दोन्ही दारं आपणहून उघडली. घाबरून उघडली असावीत. आधी एक नाक आलं. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मग त्या नाकामागून सावकाश, नऊवारीत नसूनही नऊवारीत असल्यासारख्या, काकू आल्या. हमालांनी विड्या विझवल्या. ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं. झाडावरचा एक पोपट हिरवा होता तो पांढरा पडला, असं माझी बायको मिनल आजही शपथेवर सांगते.

काकूंनी खोक्यांच्या रांगेवरून नाक फिरवलं आणि एका खोक्यापाशी थांबवलं.

"हे नाही चढणार वरती."

"काकू, पुस्तकं आहेत त्यात."

"पुस्तकाले असा वास येते?"

त्या खोक्यात खरोखरच पुस्तकं होती. पुस्तकांखाली स्वेटर, स्वेटरात प्रेशर कुकर, कुकरला झाकण, झाकणाला शिट्टी, आणि आत, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेली, तळाशी चार बोटं रम उरलेली बाटली. फाटकापासून तिथला वास ओळखायला ते नाक कमीत कमी पोलीस खात्यातलं तरी हवं.

"नाव काय तुहं?"

"ऋषी."

"वा रे वा! नाव ऋषीचं, अन् कमंडलूत हे!"

काकू वळल्या. मेंदीच्या कुंपणाआड झारी घेऊन उभे असलेले एक बारीक, चष्मेवाले गृहस्थ तेवढ्यात माझ्याकडे सरकले आणि ओठ न हलवता म्हणाले, "पुस्तकात काहून लपवली बे कडू? पिठाच्या डब्यात ठेवा लागते." मग क्षणभर विचार करून, खिन्नपणे, "तरी सापडते म्हणा."

हे कृष्णकांत काका. काकूंचे यजमान.

आमच्या नागपूरकडे 'कडू' ही शिवी आहे आणि लाडही आहे. कोणती वेळ कोणती, ते आवाजावरून ओळखायचं. काकांच्या तोंडी ती कायम लाडच असायची. दूधवाला कडू, नगरसेवक कडू, पोटचा मुलगा गौरांग कडू. वाडी नाक्यावरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत हेडक्लार्क म्हणून त्यांची हयात गेली. कोणता ट्रक रायपूरला, कोणता इंदूरला, हे त्यांनी हजारो वेळा ठरवलं; स्वतः मात्र पचमढीच्या पुढे गेले नाहीत. रक्तात साखर निघाल्यापासून रोज सकाळी काकू त्यांना पेलाभर चिरायता, म्हणजे काडेचिराइताचं पाणी, पाजत. रात्री काड्या भिजत घालायच्या, सकाळी गाळून हातात द्यायचा. काका तो डोळे मिटून प्यायचे आणि म्हणायचे, "जगात खरा कडू एकच."

काकूंच्या नाकाविषयी आणखी किती सांगू! आमच्या गल्लीतले दोन सज्जन रोज संध्याकाळी तलावाला वळसा घालून घरी जात, तो व्यायाम नव्हता. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी काकूंना थेंब दिले, तर काकूंनी ते त्यांच्या टेबलावर परत ठेवून विचारलं, "डॉक्टर होऊन असे धंदे करून राहिले तुम्ही?" अशा घरात परदेशी व्हिस्कीची बाटली शिरली, शोकेसमध्ये ऐटीत उभी राहिली, हा सगळा प्रकार कसा घडला ते आता सांगतो.

गौरांग नोकरीनिमित्त डब्लिनला गेला. त्याने आईवडिलांना नाताळाच्या सुटीत बोलावलं. काका एकटेच गेले. काकू गेल्या नाहीत, कारण विमानात लोक पितात असं त्यांनी ऐकलं होतं, आणि खिडकी उघडता येत नाही.

काका परत आले ते निराळेच होऊन. पाण्याची टाकी बघण्याच्या निमित्ताने त्यांनी मला गच्चीवर नेलं.

"कडू, आयुष्य वाया गेलं."

"काय झालं काका?"

"ऐक. नाताळाचा दिवस. बाहेर बरफ. पोरानं जाड बुडाचा गिलास घेतला. साखर टाकली. कायचंतरी कडू टाकलं, थेंब थेंब. मंग ती आयरिश व्हिस्की. मंग बरफाचे खडे. अन् शेवटी, नीट ऐकजो, संत्र्याची साल घेतली, गिलासावर अशी पिळली. फुर्रकन तुषार उडाला. अन् साल आत सोडून दिली." काकांनी डोळे मिटले. "अबे, आपण नागपूरचे! जन्मभर संत्रं खाल्लं अन् साल फेकली. उलटंच करून राहिलो ना आपण!"

"नाव काय त्याचं?"

"ओल्ड फॅशन्ड. म्हंजे जुन्या वळणाचं." काका गालात हसले. "म्हंजे तुही काकूच."

येताना गौरांगने त्यांना विमानतळावर तीच आयरिश व्हिस्की घेऊन दिली होती. हिरवीगार बाटली. लपवण्यात अर्थ नव्हता. काकांनी ती सरळ जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "पोरानं देली आहे. सणाले एकदा. एकच गिलास. तू बनव म्हणत नाही मी, मी बनवतो. मंग जन्मात नाव काढत नाही."

काकूंनी शोकेसकडे बोट केलं. पोराने दिलेली वस्तू फेकता येत नाही, हा त्यांच्या घराण्याचा कायदा. मग म्हणाल्या, "सणाले पाहू."

काकांना वाटलं, परवानगी मिळाली. मलाही वाटलं. आम्ही दोघंही कडूच.

होळी आली. "होळीले लोफर पेतात." पाडवा आला. "पाडव्याले कडुनिंब असते. घ्या, कडू पाह्यजे ना तुमाले?" पोळा आला. "पोळा बैलाचा सण आहे. तुमचा नाही." गणपतीत घरात देव बसलेला. पितृपक्षात असलं काही करत नसतात. दसऱ्याला सोनं लुटायचं असते, शुद्ध नाही. दिवाळीत लक्ष्मी दारावरूनच परत जाईल. नाताळ आपला नाही. एकतीस डिसेंबर हा तर सणच नाही, नुसतं कॅलेंडर बदलायचं काम. पुढच्या वर्षी हेच सगळं पुन्हा, फक्त कारणांना जरा पॉलिश केलेलं.

"कडू," काका मला म्हणायचे, "तेहतीस कोटी देव, अन् एकाच्याही सणात मह्या नावाची फट नाही बाप्पा!"

"मग साध्या दिवशी घ्या की. काकू देवळात गेल्या की."

ते खरंच दुखावले. "नाही रे. सणाची म्हटली ना? मंग सणालेच."

जन्मभर ज्या गावचा माल त्याच गावच्या ट्रकमध्ये चढवलेला माणूस! बाटलीचं सील त्यांनी नखानेसुद्धा खरवडलं नाही. फक्त रोज संध्याकाळी वेताच्या खुर्चीत बसून शोकेसकडे बघायचे. काकू स्वयंपाकघरातून त्यांच्या बघण्याकडे बघायच्या. त्या खेळात दोघांनाही गंमत वाटत होती, हे मी छातीठोक सांगतो.

काका गेले फेब्रुवारीत, एका बुधवारी. बसल्या खुर्चीत गेले. मी नंतर पंचांग उघडून पाहिलं. त्या दिवशी काहीही नव्हतं.

दहाव्याला आम्ही रामटेकला, अंबाळा तलावावर गेलो. काकांचे थोरले भाऊ नानाजी तिथलेच, धानाची शेती करणारे. गौरांग आला होता. पिंड मांडले आणि आम्ही कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. कावळा शिवला म्हणजे गेलेल्याचं मन कशात अडकलेलं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. झाडावर कावळे भरपूर होते. एकही खाली उतरेना.

"बाबा, आईला मी एकटं ठेवणार नाही. घेऊन जातो," गौरांग म्हणाला. कावळ्याने मान फिरवली.

"कृष्णा, बांधाचं भांडण मी सोडलं गा," नानाजी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. कावळा उडाला, खाली आला, आणि शेजारच्या लोकांच्या पिंडाला शिवून गेला. शेजारच्या लोकांनी आमच्याकडे बघून, दिलगिरी व्यक्त केल्यासारखे हात जोडले.

ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. शास्त्रात सोय आहे. परतीच्या गाडीत काकू खिडकीबाहेर बघत होत्या. मनसर ओलांडल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "दर्भाले काय वास येते, अन् काय चव."

गौरांग परत गेला, तो काकूंचा व्हिसा आणि मे महिन्यातलं तिकीट यांची सोय करून. आणि त्यानंतर, एका संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास, खालून झाडूच्या दांड्याने छताला ठोकल्याचा आवाज आला. मला बोलावण्याची ही काकूंची पद्धत होती.

मी खाली गेलो. त्या बैठकीच्या दारात उभ्या होत्या.

"वास येते का तुले?"

मी हुंगलं. उदबत्ती, बाम, कालचा फोडणीचा भात. "कसला?"

"हिरवा. सालीचा. अन् त्याच्या खाली दुसरा एक. लाकडासारखा, गोडूस." त्यांनी वेताच्या खुर्चीकडे बोट केलं. "तिथून येऊन राहिला."

मी शोकेस उघडली. बाटलीचं सील जसंच्या तसं होतं. मी विनोदी माणूस असल्याने काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी वेताची खुर्ची करकरली. कोणी बसताना पाठ टेकवावी तशी.

"उन्हाळ्यात वेत वाजतो काकू," मी म्हणालो. माझा आवाज जरा वरच्या पट्टीत निघाला.

"वेत वाजते. ते मले समजते. वास काहून येते?"

मी शोकेस पुन्हा लावून टाकली.

मग रोजच दांडा वाजू लागला. मिनल म्हणायची, बाई एकट्या पडल्या आहेत, जाऊन बसत जा. मी जाऊन बसायचो, पण त्या खुर्चीत नाही. काकू दिवा लावायच्या, वास आला की मान वर करायच्या, आणि तो ओसरेपर्यंत हलायच्या नाहीत. मला कधीच काही आलं नाही. फक्त एकदा, काकू आत गेल्या असताना, माझ्या मानेवर गार वाटलं. बर्फाने भरलेलं काहीतरी जवळून नेल्यासारखं. बाहेर त्रेचाळीस अंश होतं आणि कूलरमधलं पाणी संपलेलं होतं. मी उठून उभा राहिलो तो काकू परत येईपर्यंत उभाच.

"गौरांगचा फोन होता," त्या एका संध्याकाळी म्हणाल्या. "म्हणे बॅग भर. पण ते असे खुर्चीत बसून असताना मी कुलूप कसं लावू गा? आत कोंडून जाऊ का त्यांले?"

काकूंच्या आवाजात काकुळती मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. पोपट पांढरा करणाऱ्या त्या बाईला एका कुलपाने हरवलं होतं.

दोन दिवसांनी दांडा सकाळीच वाजला.

"सण सापडला," काकू म्हणाल्या.

अक्षय तृतीया जवळ आली होती. इतर ठिकाणी त्या दिवशी लोक सोनं घेतात. आमच्या विदर्भात तो पितरांना पाणी पाजायचा सण. बाहेर ऊन असं असतं की जिवंत माणसाची जीभ टाळूला चिकटावी, तिथे गेलेल्यांची काय गत! म्हणून मातीची नवी घागर भरायची, पळसाच्या पत्रावळीवर वडे, आंब्याचा रस मांडायचा, आणि गच्चीवर कावळ्याला बोलवायचं. ज्यांना तहान लागली असेल त्यांनी यावं, पिऊन जावं. काकांना हवी होती ती फट कॅलेंडरात पहिल्यापासून होती. तिच्यातून जायला आधी मरावं लागत होतं, एवढंच.

नानाजी रामटेकहून पत्रावळी आणि आंबे घेऊन आले. बेत ऐकून दारच्या ओट्यावरच बसले.

"प्रेमलताबाई, आज देलेलं अक्षय होते. कधी सरत नाही. दारू देसान तर मेल्यावरही सुटायची नाही त्याची."

"जिवंतपणी लागली कुठं होती भाऊजी, सुटायले?"

नानाजींनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. काकूंशी वाद संपला की ते एवढंच करतात.

संत्र्याचा मोसम उतरला होता. मी कॉटन मार्केट पालथं घालून, जे आत सुकत आलं होतं पण ज्याची साल अजून तकतकीत होती असं एक संत्रं मिळवलं. ते काकूंनी देवासमोर ठेवून मग स्वयंपाकघरात आणलं. लग्नात आलेल्या सरबताच्या सेटमधला एकच पेला उरला होता, तो चिंचेने घासला. काच चिंचेने घासतात हे मी तिथेच पाहिलं. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. त्यात गौरांग पांघरूण घेऊन बसलेला. तिकडे नुकतं उजाडत होतं.

"आई, आधी शुगर क्यूब."

"खडीसाखर चालन. नैवेद्याची आहे."

"बरं. आता त्यावर बिटर्सचे दोन-तीन थेंब. तिकडे नसतील तर राहू दे."

"काय असते ते?"

"कडू असतं काहीतरी. मुळ्या, साली, असल्या गोष्टींचा अर्क."

काकूंनी कमरेवर हात ठेवले. "कडू राहू दे? तुह्या बाबाच्या तोंडात दुसरा शब्द नव्हता, अन् त्यांच्याच पेल्यातला कडू राहू दे?"

असं म्हणून त्यांनी ओट्याच्या कोपऱ्यातली झाकलेली वाटी पुढे ओढली. आत चिरायता भिजलेला होता. काका जाऊन अडीच महिने होत आले होते, आणि रोज रात्री काड्या भिजतच होत्या. रोज सकाळी काकू तो गाळत असणार आणि मोरीत ओतत असणार. मिनलने माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं.

"काकू," मी हळूच म्हणालो, "काकांना तो आवडत नव्हता."

"मले माहीत नाही का? व्हिस्की त्यांच्या पोराची, साखर देवाची, संत्रं तुहं. मह्या हातचं काहीतरी पाह्यजे का नाही त्याच्यात?"

"टाक आई," मोबाईलमधला गौरांग म्हणाला.

चिरायत्याचे थेंब खडीसाखरेवर पडले. मग बाटली. आयुष्यभर जिच्या वासाने कपाळ उठलं ती वस्तू काकूंनी पदर कमरेला खोचून हातात घेतली आणि झाकण पिरगाळलं. सील तुटल्याचा बारीक कट्ट आवाज झाला. काकूंनी बाटलीच्या तोंडाशी नाक नेलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो, कारण आता त्या पडणार किंवा घर पडणार.

"हा नाही," त्या म्हणाल्या.

"काय नाही?"

"येते तो वास हा नाही. ह्याच्यासारखा आहे, पण हा नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली. मग संध्याकाळी खुर्चीत कोण बसत होतं? त्यांनी खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने व्हिस्की मोजून ओतली, चमच्याने ढवळली, बर्फाचे खडे सोडले. मग गौरांगने सांगितल्याप्रमाणे संत्र्याच्या सालीची पट्टी काढली, पेल्यावर धरली आणि पिळली. फुर्रकन तुषार उडाला.

काकूंचा हात तिथेच थांबला.

"हाच," त्या म्हणाल्या. "हाच तो."

मोबाईलमधून गौरांगने विचारलं, "आई, तुला कसं माहीत? मी बाबांना ते एकदाच बनवून दिलं होतं. इथे. या टेबलावर."

काकूंनी पेल्याच्या कडेवर चिकटलेला साखरेचा कण पदराने पुसला आणि म्हणाल्या, "चला वरती. बरफ वितळून राहिला."

गच्ची तव्यासारखी तापली होती. घागर, पत्रावळ आणि त्यात मधोमध तो पेला. असं पान पितरांच्या इतिहासात कोणी मांडलं नसेल. नानाजी "काव, काव" करून ओरडले. टाकीवर एक कावळा येऊन बसला. त्याने वडे पाहिले, रस पाहिला, पेला पाहिला, आणि चोच टाकीच्या कडेला घासत बसून राहिला. मिनल छत्री धरून उभी. बर्फाचे खडे डोळ्यांदेखत बारीक होत चालले. नानाजींनी बांधाचं भांडण पुन्हा एकदा सोडून पाहिलं.

खडे विरघळले. पेल्यातली साल हळूच वळली.

काकू अनवाणीच पुढे गेल्या. त्या तापलेल्या गच्चीवर, अनवाणी. पेल्याच्या बाजूला उभ्या राहून टाकीकडे बघत बोलू लागल्या. नवऱ्याशी बोलायचा त्यांचा ठरलेला आवाज होता, भाजी आणायला पाठवतानाचा.

"पाहा, मी बनवलं. स्वतः. चव नाही पाह्यली, नैवेद्याची चव पाहत नसतात. कमीजास्त झालं असन तर गोड मानून घ्या. दरवेळी म्हटलं, पुढच्या सणाले देईन. खरंच देणार होती हो. तुम्ही असे बाटलीकडे पाहत बसायचे ना, तर मले वाटे, बसू द्या अजून थोडं. घरी बसून राहतात." त्या थांबल्या. "आता नका बसू. मले कुलूप लावू द्या."

कावळा उतरला. वड्यांकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. सरळ पेल्याच्या काठावर बसला आणि चोच आत बुडवली. मग मान झटकली, अशी जोरात की थेंब नानाजींच्या टोपीवर उडाले, आणि आभाळाकडे तोंड करून ओरडला.

कावळे ओरडतात तेच तो ओरडला असणार. मी सुशिक्षित माणूस आहे. पण मला त्या भर दुपारी, स्वच्छ, लाडात, ऐकू आलं: "कडू!"

मी मिनलकडे पाहिलं. तिच्या हातातली छत्री कलंडली होती. नानाजी टोपी काढून उभे होते. काकूंनी तोंडावर पदर घेतला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. त्या रडत होत्या की हसत, ते मला अजूनही सांगता येत नाही.

"चिरायता ओळखला," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी दांडा वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मीच खाली डोकावलो. काकू दिव्यासमोर बसल्या होत्या.

"गेला वास," त्या म्हणाल्या. आनंदाने म्हणाल्या असं मला वाटलं नाही.

मे महिन्यात त्यांनी वाटीतला चिरायता सुकवून डब्यात भरला, बॅग भरली, घराला कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि खिडकी न उघडणाऱ्या विमानात बसल्या. संध्याकाळी देवापाशी दिवा लावायचं काम मी आणि मिनलने वाटून घेतलं. जूनमध्ये माझी पाळी असताना मी कुलूप काढलं, दार ढकललं, आणि उंबऱ्यावर थांबलो.

हिरवा. सालीचा. त्याच्या खाली दुसरा एक, लाकडासारखा, गोडूस.

वेत वाजला. मी दिवा लावला, खुर्चीकडे पाठ न करता उलट्या पावलांनी बाहेर आलो आणि कुलूप लावायला हात पुढे केला. कुलूप लागेना. म्हणजे लागत होतं, मलाच लावता येईना. मी दार नुसतं लोटून घेतलं. अक्षय म्हणजे न सरणारं, हे नानाजींनी ओट्यावर बसून सांगितलं होतं, आणि आम्ही त्यांच्या टोपीला हसलो होतो.

काकूंचा फोन दर रविवारी यायचा. त्यांनी वासाचं एकदाच विचारलं. मी उत्तर द्यायला जरा उशीर केला. तिकडून त्या म्हणाल्या, "राहू दे, समजलं," आणि पावसाचं विचारू लागल्या. आवाज एकदम टवटवीत झाला होता.

व्हिसा तीन महिन्यांचाच होता. ऑगस्टमध्ये काकू परत आल्या. रिक्षातून उतरून, बॅगा फाटकात टाकून सरळ बैठकीत गेल्या, दिवेलागणीपर्यंत तिथेच राहिल्या. मग आतून दुसरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. त्यानंतर छताला दांडा कधी वाजला नाही. गौरांगने पुन्हा दोनदा तिकीट पाठवायची तयारी दाखवली. काकूंनी पहिल्यांदा गुडघ्यांचं कारण दिलं, दुसऱ्यांदा सणाचं. दर अक्षय तृतीयेला एक पेला गच्चीवर जायचा. कावळा यायचा, चोच बुडवायचा, मान झटकायचा.

गेल्या पावसाळ्यात काकू गेल्या. अंबाळ्यावर पिंड मांडून गुरुजी मागे सरकायच्या आतच कावळा शिवला. कोणाला काही कबूल करावं लागलं नाही. गौरांगने घर विकलं, वेताची खुर्ची भंगारवाला घेऊन गेला. उरलेली व्हिस्की मिनलने मोरीत ओतली. हिरव्या बाटलीत आता आमच्याकडे फिनाईल असतं.